कोब्रापासून ॲनाकोंडापर्यंत: एलिट डेंजरसमध्ये पैसा कसा उभा करायचा

डोंबिवलीच्या एका कॉलेजातल्या मुलाने एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या गेमबद्दल विचारलंय: "ताई, एलिट डेंजरसमध्ये माझ्याकडे कोब्रा मार्क थ्री आहे आणि ४२ लाख क्रेडिट जमलेत. मला ॲनाकोंडा घ्यायचंय. कॉलेज, लोकलचा प्रवास आणि क्लास यातून रात्री जेमतेम तास-दीड तास मिळतो. कोणी म्हणतं ट्रेडिंग कर, कोणी म्हणतं मायनिंग. आधी टाइप-६, मग टाइप-७, मग टाइप-९ असं चढत जाऊ का? आणि प्रत्येक जहाजावर मॉड्यूल्सचा किती खर्च करायचा?"

प्रश्न नीट मांडलाय, म्हणून उत्तरही नीट देते. मी दिवसा बॅलार्ड इस्टेटमधल्या एका ऑफिसात कंटेनर वाहतुकीचे हिशेब बघते आणि रात्री हा गेम खेळते. डिसेंबर २०१४ मध्ये गेम आला तेव्हापासून खेळतेय, त्यामुळे यातले चढ-उतार बरेच पाहिलेत.

आधी गाभा सांगते. जहाजांची शिडी एकेक पायरी चढायची गरज आता राहिलेली नाही. तुझ्याकडचं कोब्रा, त्यात एक चांगला ड्राइव्ह (एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारणारं इंजिन) आणि अंगात एक सूट, एवढ्यावर ॲनाकोंडाचे पैसे उभे राहतात. मालवाहतूक त्यानंतर कर. तेव्हा भांडवल हाताशी असेल आणि मग त्या धंद्याला खरी मजा येते.

आता हिशेब. ॲनाकोंडाची नुसती किंमत १४.७ कोटींच्या आसपास आहे. जहाज फुटलं की ते परत मिळवायला रिबाय भरावा लागतो, तो जहाज आणि मॉड्यूल्स (त्यात बसवायचे सुटे भाग) यांच्या एकूण किमतीच्या ५ टक्के. म्हणजे काहीही न सजवलेल्या ॲनाकोंडाचा रिबाय साधारण ७३ लाख. तुझ्या खात्यात ४२ लाख आहेत. उद्या कोणी तुला ते जहाज फुकट दिलं तरी पहिल्याच अपघातात ते तुझ्या हातून जाईल. रिबाय भरता आला नाही तर गेम थोडीशी उधारी देतो. तीही पुरली नाही तर पुन्हा सुरुवातीचं साइडवाइंडर. म्हणून "किती पैसे जमले की जहाज घ्यायचं" याचं उत्तर जहाजाच्या किमतीत कधीच नसतं. किंमत, लागणारी मॉड्यूल्स, एकदा पूर्ण भरेल एवढा माल आणि किमान दोन रिबाय, एवढं सगळं जमल्यावर जहाज घे.

मालाचा मुद्दा तर बहुतेक जण विसरतातच. विम्यात जहाज येतं, आतला माल येत नाही. सोन्याचा सरासरी भाव टनाला ४७ हजारांच्या आसपास असतो. टाइप-९ मध्ये ७०० टन भरायचे म्हटले तर ३ कोटी ३० लाख नुसत्या मालात गुंतले. टाइप-९ स्वतः साडेसात कोटींच्या वर. त्यात मॉड्यूल्स, त्यात रिबाय. आठ कोटी जमले म्हणून टाइप-९ घेतलं तर ते अर्ध्याहून जास्त रिकामं उडवावं लागेल, आणि अर्धं रिकामं टाइप-९ हे भरलेल्या लहान जहाजापेक्षा कमीच कमावतं, वर वळायलाही जड.

मॉड्यूल्सबद्दल विचारलंस, त्यावर एक गोष्ट लक्षात ठेव. जहाज विकलं की मूळ सांगाड्याची १० टक्के किंमत जाते. मॉड्यूल मात्र ज्या किमतीला घेतलं त्याच किमतीला परत विकता येतं, आणि नको असेल तेव्हा साठवूनही ठेवता येतं. म्हणजे मॉड्यूलवर टाकलेला पैसा अडकतो, पण बुडत नाही. नुकसान होतं ते जहाजं बदलत राहण्यात. दर चार दिवसांनी टाइप-६ विकून दुसरं, दुसरं विकून तिसरं असं केलंस तर प्रत्येक वेळी दहावा हिस्सा मागे सोडून जाशील. मला विचारशील तर जमेल तेव्हा जुनं जहाज विकूच नये. लहान जहाजांची किंमत पुढे इतकी नगण्य वाटते, आणि त्यांची गरज इतक्या अनपेक्षित वेळी पडते, की विकल्याची हळहळ लागते.

मॉड्यूल्सचे दर्जे ए ते ई. ए सर्वात ताकदीचं आणि महाग, ई सर्वात स्वस्त, आणि डी सर्वात हलकं. नवीन खेळाडू सगळीकडे ए लावत सुटतात, तसं करू नकोस. वजन वाढलं की उडीचा पल्ला कमी होतो. लाइफ सपोर्ट आणि सेन्सर डी लाव, ते हलके असतात आणि व्यापाऱ्याला त्याहून जास्त काही लागत नाही. पॉवर प्लांट ए परवडला तर घे, जहाज कमी तापतं. पण सगळ्यात पहिला पैसा फ्रेम शिफ्ट ड्राइव्हवर, म्हणजे त्या उडीच्या इंजिनावर. कोब्राला ४ क्रमांकाचा ड्राइव्ह लागतो आणि त्याचा ए दर्जा १६ लाखांच्या आसपास आहे. तुझ्या बेचाळीसमधले हे सोळा लाख डोळे मिटून खर्च कर. २०२४ पासून सुपरक्रूझमध्ये (एकाच तारामंडळात ग्रहांदरम्यानचं वेगवान उड्डाण) वेग वाढवणारे एससीओ ड्राइव्ह आलेत, ते थोडे महाग पडतात, पण लांबच्या ग्रहावर जाताना जो वेळ वाचतो तो तुझ्यासारख्या तास-दीड तासवाल्याला मोलाचा आहे. ते वापरताना जहाज तापतं आणि इंधन भराभर जातं, तेवढं बघ.

सोबत फ्युएल स्कूप घे, परवडेल तेवढा मोठा. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांच्या ताऱ्यांवरूनच इंधन भरता येतं. गॅलेक्सी मॅपमध्ये तेवढेच वर्ग निवडून मार्ग आखलास की अडकणार नाहीस. तरीही कधी टाकी रिकामी झालीच तर घाबरून उड्या मारायचा प्रयत्न करू नकोस. मेन मेन्यूत बाहेर ये आणि फ्युएल रॅट्सना हाक मार. खेळाडूंचीच संघटना आहे, फुकट इंधन आणून देतात, आणि गेली कित्येक वर्षं हे काम मनापासून करतायत. या गेमबद्दल मला ज्या गोष्टींचा खरोखर अभिमान वाटतो त्यातली ही एक.

आता मुख्य रस्ता: एक्सोबायोलॉजी, म्हणजे ग्रहांवरच्या सजीवांचे नमुने गोळा करणं. त्यासाठी मे २०२१ मध्ये आलेलं ओडिसी हे एक्स्पान्शन लागतं. तुझ्याकडे नसेल तर सेलमध्ये घे, बराच स्वस्त मिळतो. स्टेशनातल्या पायोनियर सप्लाइज या दुकानातून आर्टेमिस सूट घे, १,५०,००० क्रेडिट. डिटेल्ड सरफेस स्कॅनर घे, २,५०,०००. ड्राइव्ह, सूट आणि स्कॅनर मिळून २० लाख झाले. स्कूप आणि रिबायला बाकीचे पुरतात.

काम असं आहे. वस्तीपासून लांब जायचं, नव्या ताऱ्याजवळ पोचलं की एफएसएसने (जहाजातल्या लांबून बघायच्या स्कॅनरने) सगळे ग्रह बघायचे आणि पातळ वातावरणाच्या, उतरता येणाऱ्या ग्रहांवर 'बायोलॉजिकल सिग्नल' किती आहेत ते पाहायचं. ग्रहाजवळ जाऊन स्कॅनरचे प्रोब सोडले की कोणत्या जातीची वनस्पती आहे ते कळतं, आणि ती कुठे असू शकेल याचा रंगीत नकाशाही दिसतो. उतरायचं, एकाच प्रजातीचे तीन नमुने घ्यायचे, झालं. मात्र तिन्ही नमुन्यांत ठरावीक अंतर लागतं. बॅक्टेरियम आणि स्ट्रेटमला ५०० मीटर, टसकला २००, ऑसियसला ८००. एका प्रजातीचे तीन पूर्ण होण्याआधी दुसरीचा नमुना घेतलास तर पहिले वाया जातात. हे विसरू नकोस, विशेषतः ज्या ग्रहावर चार-पाच जाती शेजारी शेजारी आहेत तिथे.

मोल कशाला आहे ते बघ. स्ट्रेटम टेक्टोनिकास नावाची एक प्रजाती आहे, जमिनीवर पसरलेल्या चपट्या पापुद्र्यांसारखी. तिचे तीन नमुने व्हिस्टा जीनॉमिक्स या नमुने विकत घेणाऱ्या कंपनीला दिले की १,९०,१०,८०० क्रेडिट मिळतात. त्या ग्रहावर ती सर्वात आधी तूच नोंदवली असशील तर बोनस धरून पाचपट, म्हणजे साडेनऊ कोटींच्या वर. एकाच ग्रहावर! दोन असे ग्रह सापडले की ॲनाकोंडा, त्याचा ड्राइव्ह आणि रिबाय एवढं सगळं निघालं. ही प्रजाती हाय मेटल कंटेंट प्रकारच्या ग्रहांवर मिळते, म्हणून तेच ग्रह आधी बघ. स्ट्रेटमच्याच बाकीच्या बहुतेक बहिणी बऱ्याच कमी देतात, तेव्हा स्ट्रेटम दिसलं म्हणून लगेच हर्षून जाऊ नकोस, उतरून नाव वाच.

पहिल्या नोंदीसाठी किती लांब जायचं? आकाशगंगेच्या केंद्रातलं धनु ए* हे कृष्णविवर, प्रसिद्ध तेजोमेघ आणि त्यांच्याकडे जाणारे नेहमीचे मार्ग लोकांनी तुडवून टाकलेत. त्या वाटा सोडून आडव्या दिशेने वस्तीपासून हजारेक प्रकाशवर्षं गेलास की अस्पर्श ग्रह मिळू लागतात. आकाशगंगेत ४०० अब्ज तारे आहेत, गर्दी नेहमीच्या वाटांवरच असते. स्पॅन्श नावाच्या साइटवर एक्सोबायोलॉजीचे तयार मार्ग काढून मिळतात. सुरुवातीला शिकायला चांगले आहेत, पण ते ग्रह आधी कोणीतरी पाहिलेले असतात, त्यामुळे पाचपटीची आशा तिथे कमी.

तुझ्या वेळेच्या गणितात हे काम चपखल बसतं. कुठेही थांबता येतं. ग्रहावर उतरून गेम बंद केलास तर दुसऱ्या रात्री तिथूनच सुरू. मिशनचं तसं नाही. त्यांची मुदत खऱ्या घड्याळाने चालते, गेम बंद असला तरी संपते. गणपतीत गावी जाणार असशील तर आदल्या आठवड्यात मिशन उचलू नकोस. पावसाळ्यात ब्रॉडबँडचा भरवसा नसतो तेव्हाही उतरून उभं असलेलं जहाजच बरं.

सावध राहायच्या जागा दोनच. गुरुत्वाकर्षण आधी वाच, जड ग्रहावर जहाज दगडासारखं खाली येतं, तिथे खूप सावकाश उतरायचं. आणि नमुन्यांचा डेटा विकेपर्यंत तो फक्त तुझ्या जहाजात असतो. जहाज फुटलं की सगळा गेला. म्हणून परतताना घाई नको, शील्ड काढून टाकू नकोस, आणि वस्तीत शिरताना सोलो मोडमध्ये (जिथे दुसरे खेळाडू नसतात) रहा. डेटा विकायला स्टेशनात जहाजातून उतरून चालत व्हिस्टा जीनॉमिक्सच्या काउंटरवर जावं लागतं.

ओडिसी घ्यायचं नसेल तर ग्रहांचं मॅपिंग कर. पृथ्वीसारखे ग्रह आणि टेराफॉर्म होऊ शकणारे पाण्याचे ग्रह नीट मॅप केले तर एकेकाचे दहा लाखांच्या आसपास मिळतात. यालाच लोक 'रोड टू रिचेस' म्हणतात. संथ आहे, पण हाही रस्ता कोब्राने होतो.

मालवाहतुकीकडे येते. हा माझा आवडता धंदा, आणि त्याच्याबद्दल लोक फार उथळ सल्ले देतात. आधी तुझ्या कोब्राने हे केलं तर काय होईल ते पाहू. शील्ड ठेवून त्यात ४४ टन माल बसतो. टनामागे १५ हजार नफा धरला, जो चांगल्या मार्गावर मिळतो, तर एका खेपेला ६ लाख ६० हजार. ॲनाकोंडाच्या १४.७ कोटींसाठी दोनशेहून जास्त खेपा. खेपेला दहा मिनिटं धरली तर तुझ्या तास-दीड तासाच्या हिशेबाने महिनाभर रोज रात्री तेच ते. महिनाभरात तुला गेमचा वीट येईल. म्हणून कोब्राने ट्रेडिंग करून ॲनाकोंडा घेण्याच्या सल्ल्याला माझा ठाम नकार आहे.

पण तीच खेप टाइप-८ ने केली तर? त्यात ४०० टनांच्या आसपास माल बसतो. १५ हजारांनी ६० लाख एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूलाही माल मिळाला तर एका फेरीला १ कोटी २० लाख. न्हावाशेव्याला कंटेनर सोडून रिकामा परतणारा ट्रेलर डिझेल तेवढंच जाळतो, आणि वाहतुकीतला सगळा नफा परतीचं भाडं मिळतं की नाही यावर ठरतो. इथेही तसंच. एकाच बाजूला २५ हजार देणाऱ्या मार्गापेक्षा दोन्ही बाजूंना १५ हजार देणारा मार्ग नेहमी चांगला. जातानाचा आकडा बघून भुलू नकोस, पूर्ण चक्राचा आकडा बघ.

मार्ग शोधायला इनारा ही साइट वापर. तुझी जागा, माल किती टन, जहाजाला उतरायला कोणता पॅड लागतो (लहान, मध्यम की मोठा) आणि स्टेशन ताऱ्यापासून किती लांब चालेल, हे सगळं भरायला जागा आहे. स्टेशनचं अंतर १,००० प्रकाशसेकंदांच्या आत ठेव. ग्रहावरची बंदरं वगळ, उतरण्यात वेळ जातो. फ्लीट कॅरिअरही वगळ, ती खेळाडूंची असतात आणि तू पोचेपर्यंत उडून गेलेली असू शकतात. भाव किती जुना आहे ते हमखास बघ. हे भाव खेळाडूंनीच पाठवलेले असतात, दोन दिवसांपूर्वीचा भाव म्हणजे ज्याला तो आधी दिसला त्याने तो खाऊन टाकलेला असतो. पुरवठा तुझ्या एका खेपेच्या कित्येक पट असावा, आणि विकायच्या ठिकाणी मागणीही. थोडी मागणी असलेल्या स्टेशनात मोठी खेप ओतलीस तर भाव पडतो आणि नकाशावरचा नफा हातात येत नाही. सोनं, चांदी, पॅलेडियम हे धातू खाणकाम आणि रिफायनरीच्या अर्थव्यवस्थेतून उचलून हाय-टेक किंवा औद्योगिक स्टेशनांत द्यायचे, परतताना तिथली यंत्रं किंवा वस्तू आणायच्या. हा साचा डोक्यात ठेवलास तर साइट बंद असली तरी मार्ग सुचतो.

अंतराबद्दल एक खास इशारा. अल्फा सेंटॉरीतलं हटन ऑर्बिटल हे स्टेशन मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं लांब आहे. साध्या ड्राइव्हने तिथे पोचायला तासाच्या वर लागतो. नवीन मुलांना तिथली मोबदल्याची मिशन्स मोठी दिसतात आणि ती उचलतात. हौसेने एकदा जा, पण ज्या दिवशी रविवारचा मेगाब्लॉक आहे आणि घराबाहेर पडायचंच नाही अशा दिवशी.

आता शिडी. टाइप-६ साधारण दहा लाखांचं, शंभर टन नेतं, मध्यम पॅडवर उतरतं. एक्सोबायोलॉजी अजिबात आवडली नाही तर हे घे, वाईट नाही. टाइप-७ मात्र घेऊ नकोस. पावणेदोन कोटी देऊन ३०० टनांच्या आसपास माल मिळतो, पण त्याला मोठा पॅड लागतो. माझ्या बोरिवलीच्या भाच्याने घेतलं होतं. मिशनचा माल भरून निघाला, पोचला ते आउटपोस्टवर, म्हणजे छोट्या स्टेशनावर, आणि आउटपोस्टवर मोठा पॅड नसतोच. माल आत, मुदत चालू, उतरायला जागा नाही. पायथन त्याहून बरंच महाग, पावणेसहा कोटींच्या आसपास, पण मध्यम पॅडवर उतरतं, ट्रेडिंगही करतं, मायनिंगही, थोडीफार लढाईही. आणि २०२४ मध्ये आलेलं टाइप-८ तर मध्यम पॅडवर उतरणाऱ्यांत मालवाहू म्हणून मला सर्वात आवडतं. त्यामुळे कोब्रावरून थेट टाइप-८, तिथून हवं तर टाइप-९. मधलं सगळं गाळ.

टाइप-९ च्या पलीकडे इम्पीरियल कटर आहे, जवळपास २१ कोटींचं, शील्ड जबरदस्त आणि वेगही भरपूर. पण त्यासाठी एम्पायरमध्ये ड्यूकची पदवी लागते. फेडरल कॉर्व्हेटला तसंच रिअर ॲडमिरल. ही पदं पैशाने मिळत नाहीत, मिशन्स करत वेळ द्यावा लागतो. २०२५ मध्ये पँथर क्लिपर मार्क टू आलं, ते १,२०० टनांच्या वर नेतं. कॉलनी उभारायची सोय आल्यापासून पोलाद, टायटॅनियम, ॲल्युमिनियम यांना प्रचंड मागणी असते, त्यांच्यासाठी ते जहाज वरदान ठरलंय. तुला सध्या याचा विचार करायची गरज नाही. नवी जहाजं आधी खऱ्या पैशांतल्या आर्क्सवर मिळतात आणि काही महिन्यांनी क्रेडिटवर येतात. कॉलेजात आहेस, खिशातले पैसे त्यात घालू नकोस, थांब.

मायनिंगचं थोडक्यात. ग्रहांभोवतीच्या धातूच्या कड्यांतला प्लॅटिनम लेझरने काढायचा, प्रॉस्पेक्टर आणि कलेक्टर लिंपेट (छोटे ड्रोन) लागतात, रिफायनरी लागते. चांगल्या मागणीच्या ठिकाणी टनाला दोन लाखांच्या आसपास मिळतात, म्हणजे भांडवल न गुंतवता मोठी कमाई. पायथन आलं की करून बघ. काही जण तुला अजूनही व्हॉइड ओपल या रत्नाचं सांगतील. २०१८ च्या शेवटी खडक फोडून काढायचं मायनिंग आलं तेव्हा ते खरंच सोन्याची खाण होतं, पुढे भाव उतरवले. जुने व्हिडिओ बघून धंदा निवडू नकोस.

लढाईतून बक्षिसं मिळवण्यात पैसा आहे, पण ती शिकायला वेळ आणि वेगळं जहाज लागतं. आवडत असेल तर जरूर कर, पैशासाठी म्हणून करू नकोस.

मालवाहू जहाजावर चाचे येणारच. सुपरक्रूझमधून कोणी खाली ओढायला लागलं तर मोठ्या जहाजाने झटापट करू नये. थ्रॉटल शून्यावर आण, स्वतःहून शरण जा. असं केलं की ड्राइव्ह लवकर थंड होतो. मग लगेच बूस्ट मारत दुसऱ्या तारामंडळावर लक्ष्य ठेवून उडी घे. त्याच मंडळात सुपरक्रूझ धरायला गेलास तर शेजारच्या मोठ्या जहाजाच्या वस्तुमानामुळे तुझा ड्राइव्ह फार हळू तयार होतो. दुसऱ्या ताऱ्यावरच्या उडीला ते आडवं येत नाही. फरक दिसायला लहान आहे, पण निम्मी जहाजं याच्यामुळे वाचतात. आणि ट्रेडिंग सोलोमध्येच कर. बाजार, भाव, आकाशगंगा तीच असते, फक्त दुसरे खेळाडू नसतात. ओपनमध्ये लोकांना भेटायचं असेल तर हरवला तरी चालेल असं जहाज घेऊन जा.

पल्ला वाढवायचा तर इंजिनीअर फेलिसिटी फारसीअर, डेसिअट मंडळात. एक्स्प्लोरेशनमध्ये स्काउट पदवी असली आणि मेटा-अलॉय नावाची एक वस्तू दिली की ती ड्राइव्हचा पल्ला वाढवून देते. स्काउट तू पहिल्याच सफरीतला मॅपिंगचा डेटा विकलास की होशील. इंजिनीअर क्रेडिट घेत नाहीत, साहित्य घेतात, आणि २०२४ मध्ये ते गोळा करणं बरंच सोपं केलं. डेसिअटला मात्र ओपनमध्ये जाऊ नकोस, नवख्यांना टिपणारे तिथे टपून असतात.

मूळ १९८४ च्या एलिटमध्ये, डेव्हिड ब्रॅबेन आणि इयन बेल यांच्या, खेळाडूला १०० क्रेडिट आणि कोब्रा मार्क थ्रीच मिळायचं. चाळीस वर्षांनंतरही त्या जहाजात दूर जाण्याची आणि कुठेही उतरण्याची ताकद आहे. ते विकू नकोस एवढीच विनंती.

आणि शेवटी ॲनाकोंडा. ते मालवाहू म्हणून घेऊ नकोस. जास्तीत जास्त ४७० टनांच्या आसपास नेतं आणि मोठा पॅड मागतं, त्याच्या निम्म्या किमतीचं टाइप-९ त्याहून कितीतरी जास्त नेतं. ॲनाकोंडाचा सांगाडा त्याच्या आकाराच्या मानाने खूप हलका आहे, त्यामुळे नीट बांधलं तर लांब पल्ल्याचं फिरतं घर होतं, आणि तसंच ते वापरावं. घेताना घाई करू नकोस. ट्रेड, एक्स्प्लोरेशन किंवा कॉम्बॅट यांपैकी एकात एलिट पदवी मिळाली की शिनरार्टा डेझ्रा या तारामंडळाचा परवाना मिळतो. तिथल्या जेम्सन मेमोरियल स्टेशनात सगळी जहाजं, सगळी मॉड्यूल्स एका छताखाली आणि १० टक्के सूट. ॲनाकोंडावर म्हणजे दीड कोटीच्या जवळ वाचतात. तेवढा धीर नसेल तर ज्या स्टेशनात मिळेल तिथून घे, पण त्याचा ६ क्रमांकाचा ए ड्राइव्ह १ कोटी ६२ लाखांचा आहे, तो त्याच दिवशी घेता यायला हवा. लाइफ सपोर्ट आणि सेन्सर डी, शील्ड छोटं, स्कूप मोठा. एवढं सगळं बसवून झाल्यावर उजव्या पॅनेलमध्ये रिबायचा आकडा दिसेल. त्याच्या दुप्पट खात्यात असेल तरच गोदी सोड, नसेल तर जहाज तिथेच उभं ठेव आणि कोब्रा घेऊन आणखी एक फेरी मारून ये.